छताचा सेन्सर आणि जमिनीवरचा गॅस

संपादक साहेब,

लिथियम बॅटरीच्या आगीची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला, स्मोक अलार्म नव्हता का? अहो असतो की, पण धूर दिसेपर्यंत सेल कामातून गेलेला असतो. मी यूपीएसच्या मेंटेनन्समध्ये आहे आणि मला सगळ्यात जास्त काय खटकतं तर लेड-अ‍ॅसिड काढून लिथियम बसवतात पण सेन्सर तोच जुना, छताला लावलेला हायड्रोजनचा. लेड-अ‍ॅसिडला तो बरोबरच होता, चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, हलका म्हणून वर जातो, हवेत ४ टक्के झाला की पेटू शकतो. लिथियम सेलचं सील गेलं तर आधी बाहेर येते इलेक्ट्रोलाइटमधल्या (म्हणजे सेलच्या आतल्या द्रवातल्या) सॉल्व्हंटची वाफ, डायमिथाइल कार्बोनेट वगैरे, आणि ती हवेच्या तिप्पट जड, म्हणजे ती खाली बसणार आणि आपला सेन्सर वर! (रॅकचे फॅन चालू असतील तर हवा जाईल तिकडे ती जाणार, तेही बघूनच जागा ठरवायची.) बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक सिस्टीम) आहे ना म्हणाल, तर बारीक लीकेजमध्ये व्होल्टेज आणि टेंपरेचर बराच वेळ नॉर्मल दिसू शकतं. आणि वास घेऊन बघतो म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियमच्या क्षाराला ओल लागली की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, तो फुप्फुसं जाळतो.

व्हीओसी सेन्सर, म्हणजे अशा सॉल्व्हंटची वाफ ओळखणारा, तो लावा, पण त्याचेही नखरे आहेत. रंगकाम काढलं, सॅनिटायझर मारलं की बोंबलतो, मग कोणीतरी वैतागून वायरच काढून ठेवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उलट सिलिकॉनचा स्प्रे शेजारी मारला तर कायमचा बहिरा होऊ शकतो आणि लाइट मात्र हिरवाच. टेस्ट गॅस देऊन तपासल्याशिवाय कळणार कसं?

एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला एका बॅटरी स्टोरेजमध्ये आग विझवणारी सिस्टीम चालली होती, तरी सेलमधून निघालेला ज्वलनशील गॅस आत कोंडून राहिला आणि दार उघडल्यावर स्फोट होऊन फायर ब्रिगेडची माणसं जबर जखमी झाली. म्हणून माझं म्हणणं एवढंच, सेन्सर एक्झॉस्ट फॅनला जोडा आणि त्याचा आकडा दाराच्या बाहेर दिसू द्या, आत जाणाऱ्याला तो आधी कळायला हवा.

एक मेंटेनन्सवाला वाचक