मंत्रिमहोदय, ‘येता गणपती’ म्हणजे नक्की कोणता?

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

विसर्जन करून आम्ही डोंबिवलीला परतलो, पोरांचा ताप उतरला, म्हणून आज लिहायला बसले. मुंबई-गोवा महामार्ग येत्या गणपतीच्या आत होईल, असं दर पावसाळ्याच्या तोंडावर सांगितलं जातं. माझं लग्न ठरलं तेव्हाही सांगितलं होतं. आता मला चार वर्षांचा मुलगा आणि नऊ महिन्यांची मुलगी आहे. हा ‘येता’ गणपती मुलीच्या लग्नाआधी येणार असेल तर कृपया कळवावं, त्या बेताने हॉल बघू.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. पोरं झोपेत जातील म्हणून रात्री निघालो. वडखळच्या पुढे कसली झोप! गाडी खड्ड्यात आपटली की मुलीच्या पोटातलं दूध माझ्या खांद्यावर. माणगावच्या अलीकडे तर सगळंच थांबलं. पुढे लाल दिवे, मागे हॉर्न, काचेवर पाऊस. मुलाला शू लागली, त्याचं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भागलं. माझं कसं भागायचं? हॉटेलवाल्याच्या संडासाला कुलूप, आणि चावी मागितली तर ‘मॅडम, आधी ऑर्डर द्या.’ मी पाणी प्यायचंच सोडलं. अंगावर पाजणाऱ्या बाईने तासन् तास पाणी प्यायचं नाही म्हणजे काय, हे आपल्या सचिवांना नको, घरात विचारा. मुलीला पाजायला घेतलं तर शेजारच्या गाडीतले काका मान वळवून बघतायत. ओढणी धरायची, पोर धरायचं की पुढच्या सीटचा दांडा धरायचा?

एसटीच्या आगारात निदान हिरकणी कक्षाची पाटी तरी असते. ज्या हिरकणीचं नाव दिलंत, तिचा रायगड याच महामार्गाच्या अंगाला आहे. ती बाळासाठी कडा उतरली. पण ती एकच रात्र होती, साहेब. आम्हाला दर वर्षी उतरवता.

पोचलो तेव्हा प्रतिष्ठापना उरकली होती. भटजींना पुढची घरं होती, ते कशाला थांबतील! धाकट्या दिराने पूजा केली. माझे मिस्टर थोरले, घरात आले ते वाकडी रिम दाखवतच. मुलगा मखरासमोर बसल्या बसल्या ओकला.

आता हिशेब. मोबाईलवर केलाय, चूकभूल द्यावी घ्यावी. पनवेल ते इंदापूर ८४ किलोमीटर. चौपदरीकरण सुरू झालं २०११ साली. आता २०२५. म्हणजे वर्षाला ६ किलोमीटर, दिवसाला साडेसोळा मीटर, जेमतेम दीड एसटी उभी राहील एवढा रस्ता. तोही झाला असता तर! माणगाव आणि इंदापूरचे बायपास अजून अर्धवटच. कारणं पाठ आहेत आम्हाला: भूसंपादन, कर्नाळ्याची वनखात्याची परवानगी, ठेकेदार बदलला, पाऊस. कोकणात पाऊस पडतो ही बातमी खात्याला नव्याने कळली असेल. कोकण रेल्वेला भूसंपादन नव्हतं का? नव्वदच्या घरात बोगदे खणून ती १९९८ ला धावायला लागली, आठ वर्षांत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग यंदा जूनमध्ये पुरा झाला. आणि याच महामार्गावरचा, महाडजवळचा सावित्री नदीचा पूल? २ ऑगस्ट २०१६ ला तो दोन एसटींसकट वाहून गेला, तर पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर नवा पूल वाहतुकीला खुला झाला. म्हणजे जमतं. मनात आलं की जमतं. फक्त आधी माणसं मरावी लागतात आणि टीव्हीवर दिसावी लागतात.

यंदा तर कमालच. गाडीच रेल्वेवर चढवायची सोय! भाडं ७,८७५ रुपये, माणसांचं तिकीट वेगळं. चढवायची कुठे, तर कोलाडला. कोलाडपर्यंत जायचं कसं, तर याच रस्त्याने. ही कल्पना ज्या डोक्यातून आली त्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा, आणि सत्कारमूर्तींना तिथवर आमच्या मागच्या सीटवरून न्यायला हवं.

आपला पाहणी दौरा होतो तो भर दिवसा, ताफ्यासकट, आदल्या रात्री खडी टाकून झाल्यावर. गणपतीला टोलमाफीचं स्टिकर देता, त्याचा फोटो छापून आणता. गाडी घेताना रोड टॅक्स भरला, पेट्रोलवर रस्त्याचा उपकर रोज भरतो, त्याची पावती कुठे चिकटवू? हे काही तुमच्या एकट्याचं नाही म्हणा. सत्तेत हा येवो की तो, कोकणी माणूस देवभोळा, खड्ड्यातून गेला तरी शेवटी ‘पोचलो बाबा’ म्हणून नारळ फोडतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. आमदार आमचे, खासदार आमचे, ठेकेदार कोणाचे ते तुम्हीच जाणे. बुजवलेला खड्डा पंधरा दिवसांत उखडला तर कोणाचा पगार कापला जातो? आमच्या सोसायटीतला प्लंबर सुद्धा गळती थांबल्याशिवाय पैसे मागत नाही.

तर मागण्या. पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत दर तीसेक किलोमीटरवर पाणी असलेलं, कुलूप नसलेलं शौचालय आणि पाजायला आडोसा. प्रत्येक टप्प्यावर ठेकेदाराचं नाव, मुदत आणि झालेला दंड लिहिलेला फलक. रस्ता नंतर करा, सवय आहे. शौचालयं मात्र शिमग्याच्या आत व्हावीत, तेव्हा आम्ही परत जाणार आहोत.

उत्तर पाठवलंत तर ‘काम प्रगतिपथावर आहे’ हे वाक्य वगळून पाठवावं.

आपली,
एक चाकरमानी आई, डोंबिवली