बाबा, तुमचं वाय टरेट ऑकलंडातच आहे

नागपूर, मे महिना

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. न.

इकडे ऊन मी म्हणतंय. कूलरच्या ताट्या बदलून घेतल्या. आई, तुझ्या मोगऱ्याला रोज संध्याकाळी पाणी घालते, जिवंत आहे. घराचं एवढंच. मुख्य काम वेगळं आहे, आणि मेसेजचे तुकडे बाबांना आवडत नाहीत म्हणून सलग पत्र लिहितेय. दादा छापून देईल.

दादा सांगत होता, बाबांना त्याच्याकडे ऑकलंडला करमत नाही. फिरायला चला म्हटलं की "काहून? काय आहे तिथं पाह्याले?" म्हणतात. बाबा, आहे. तुम्ही नौदलात ज्या जहाजावर होतात, त्या आयएनएस दिल्लीचं वाय टरेट आहे, म्हणजे तोफांचा तो मागचा फिरता बुरूज.

थट्टा नाही. 30 जून 1978 ला जहाज निवृत्त झालं आणि मुंबईत भंगारात गेलं, हे आम्ही पाढ्यांसोबत पाठ केलंय. पण मागचं टरेट वाचलं. भारत सरकारनं ते न्यूझीलंडला भेट दिलं. ऑकलंडच्या डेव्हनपोर्टमध्ये नौदलाच्या तळाच्या प्रवेशाशी ते मांडून ठेवलंय. दादाच्या घराकडून डाउनटाउनला यायचं, तिथून फेरीबोट. बोटीचा प्रवास अगदी थोडा आहे, गुडघ्यांचं कारण चालणार नाही.

न्यूझीलंडलाच का दिलं, हे आईसाठी लिहिते, कारण जहाजाची गोष्ट सुरू झाली की तिला हमखास कुकरची शिटी ऐकू यायची. आई, हे जहाज इंग्लंडात बर्कनहेडला बांधलेलं, 1932 मध्ये पाण्यात उतरलेलं. तेव्हा नाव अकिलीस. न्यूझीलंडची बरीच पोरं त्यावर होती. 13 डिसेंबर 1939 ला दक्षिण अमेरिकेजवळ, प्लेट नदीच्या मुखापाशी, अकिलीस, एजॅक्स आणि एक्झेटर या तीन क्रूझरांनी ग्राफ श्पे नावाच्या जर्मन युद्धनौकेला गाठलं. त्या जर्मन नौकेच्या तोफा 11 इंची, अकिलीसच्या 6 इंची. तरी मागं हटले नाहीत. अकिलीसवरचे चौघं गेले. ग्राफ श्पे मॉन्टेव्हिडिओ बंदरात शिरली आणि लढाईनंतर चार दिवसांनी तिच्याच कप्तानानं तिला बंदराबाहेर नेऊन बुडवलं. न्यूझीलंडच्या लोकांना त्या जहाजाचं अप्रूप असणारच.

1948 मध्ये ते आपण घेतलं आणि दिल्ली केलं. 1950 मध्ये नेहरू त्यावरून इंडोनेशियाला गेले. 1956 साली त्या लढाईवर इंग्रजी सिनेमा आला, त्यात अकिलीसचं काम आपल्या दिल्लीनंच केलं! 1961 च्या डिसेंबरात याच जहाजानं दीववर तोफा डागल्या. तुम्ही भरती झालात तोवर ते म्हातारं होऊन कॅडेटांना शिकवायच्या कामाला लागलं होतं, ते मला माहीत आहे, पण तुमच्या सांगण्यात ते कधी म्हातारं नव्हतं.

हे सगळं शोधायला लावलं तुमच्या नातवानं. तुमचं कोडं त्यानं माझ्यावरच टाकलं: जहाजाच्या टरेटांची नावं पुढं ए आणि बी, मागं वाय, मग एक्स कुठं गेलं? तुम्ही आम्हाला "समुद्रानं खाल्लं" म्हणून गप्प करायचात. खरं ते असं, की जानेवारी 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाजवळ जपानी विमानाचा बॉम्ब नेमका एक्स टरेटवर पडला. तेरा माणसं गेली. पुढं पोर्ट्समथच्या दुरुस्तीत ते टरेट काढूनच टाकलं. म्हणजे तुम्ही रोज ज्या मोकळ्या जागेवरून जा-ये करायचात, तिथं हे घडलं होतं. तुम्हाला माहीत असणार. लहान पोरांना सांगितलं नाहीत, बरं केलंत.

जहाज आख्खं जपायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. ते म्हणजे दारात हत्ती पोसणं. जुनी विमानवाहू विक्रांत 1997 मध्ये निवृत्त झाली, मुंबईत तिचं संग्रहालय केलं, तरी 2014 मध्ये तोडायला काढावीच लागली. एक टरेट निगुतीनं ठेवणं झेपतं, आणि तिथल्या लोकांना ते झेपलंय. यावर भांडायचं असेल तर परत आल्यावर अंगणात खाट टाकून भांडू.

आई, तू सोबत जा. तिथं गेल्यावर ते पन्नास किलोचा गोळा कसा उचलायचे ते हातवारे करून दाखवतील, या वेळी पूर्ण ऐक. थंडी सुरू झाली असेल, कानटोपी घालायला लाव, लाजतील पण घालतील. बाबांच्या बीपीच्या गोळ्या पुरतील का ते मोजून दादाला सांग, कमी पडत असतील तर इकडून येणाऱ्या कुणाबरोबर पाठवते. आणि बाबा, टरेटच्या दोन तोफनळ्यांपैकी तुमची कोणती, डावी की उजवी, ते कळवा. नातू विचारतोय आणि माझ्याकडे उत्तर नाही.

तुमची,
ताई