इंग्रजीचं पुस्तक ठरवताना शिकवणाऱ्यांना पण विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

मी बडोद्यात रावपुऱ्याच्या एका क्लासमध्ये मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, अकरा वर्षं झाली. आमची पुस्तकं विलायतेतली, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा जगभरच्या लोकांसाठी लिहिलेली, छान रंगीत, मागे ए१ (अगदी सुरुवातीची) ते सी२ (सगळ्यात वरची) पैकी लेव्हल छापलेली. पुस्तकं वाईट नाहीत, ऑडिओ तर खरंच चांगले असतात. पण जगातल्या सगळ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक आपल्या माणसाची नेमकी अडचण कशी ओळखणार?

आता बघा, इंग्रजीत नामाआधी 'अ' आणि 'द' (a, the) लागतात, मराठीत नि गुजरातीत हा प्रकारच नाही, त्यामुळे आमच्याकडे सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात, आणि पुस्तकात त्याला जेमतेम एक पान. व्ही आणि डब्ल्यू आपल्याला दोन्ही 'व'च ऐकू येतात, त्याचा सराव मला स्वतः करून घ्यावा लागतो. 'मला माहीत आहे' याला गुजरातीत 'हुं जाणुं छुं' म्हणतात, तो 'छुं' म्हणजे 'आहे' डोक्यात बसलेला असतो म्हणून 'आय नो'च्या जागी 'आय ॲम नोइंग' येतं, आणि नुसतं चूक म्हणून ते जात नाही, का होतं ते समजावलं की जातं.

मागच्या बॅचला एक काकू होत्या, सुनेच्या बाळंतपणासाठी कॅनडाला जायचं होतं. धडा काय तर लंडनला ट्रेनचं तिकीट, सिंगल की रिटर्न. त्यांनी तीनदा ऐकलं, वहीत उतरवलं, आणि मग हळूच विचारलं, टीचर, एअरपोर्टवर किती दिवस राहणार विचारलं तर काय सांगू? ते पुस्तकात कुठेच नव्हतं, त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि तेच शिकवलं.

पुस्तक ठरवतात कोण, तर क्लास चालवणारे, चाळून आणि किंमत बघून. वर्षभर शिकवल्यावर कुठला धडा चालला, कुठे सगळे अडकले, हे आम्हाला कुणी विचारतच नाही हो. निवडताना एकदा, शिकवता शिकवता एकदा आणि वर्ष संपल्यावर एकदा, असं तीनदा शिक्षकांकडून लिहून घ्यायला काय हरकत आहे? फक्त स्टार नकोत, कुठल्या पानावर काय झालं ते लिहायला जागा पाहिजे.

माझं पुस्तक पेन्सिलीच्या खुणांनी भरलंय, इतर टीचर्सचं पण तसंच असणार. जूनच्या बॅचची ऑर्डर जायच्या आधी सगळ्या क्लासवाल्यांनी तासभर बसून ती पुस्तकं बघावीत एवढीच विनंती.

एक शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदा