साहेब, एकदा त्या एअर वॉकरवर उभे राहून दाखवा

प्रति,
मा. आयुक्त,
आमची महानगरपालिका

विषय : उद्यानातील खुली व्यायामशाळा आणि माझी डावी नडगी

महोदय,
स. न. वि. वि.

एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात हात काळे करून निवृत्त झालेला मी माणूस. गेल्या मंगळवारी सकाळी सव्वासहाला आपल्या उद्यानातल्या एअर वॉकरवरून, म्हणजे फळ्यांवर उभं राहून हवेत पाय झुलवत चालायच्या यंत्रावरून, उतरत होतो. एक पाय जमिनीला टेकला, तेवढ्यात रिकामी झालेली फळी मागं जाऊन झोकात परत आली आणि नडगीवर बसली. सात टाके. धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्या, दोन वेळा ड्रेसिंग. मला मधुमेह आहे, त्यामुळे डॉक्टर म्हणतात जखम सावकाश भरेल, तोवर चालणं बंद. रोज हातपाय हलवा म्हणून बागेत धाडणारेही हेच डॉक्टर.

हा अपघात नव्हे. त्या यंत्राचा पाय म्हणजे वरच्या बेअरिंगला टांगलेला नुसता लंबक. झोक अडवायला रबरी स्टॉपर होते, त्यांची आता भोकं उरली आहेत. जानेवारीत मी हेच आपल्या ॲपवर कळवलं होतं. सतराव्या दिवशी उत्तर आलं, ‘तक्रार निकाली काढण्यात आली’, सोबत फोटो. फोटोतलं यंत्र हिरवं, आमचं पिवळं. फोटोत मागं नारळाचं झाड. आमच्या बागेत नारळ आला होता तो फक्त उद्घाटनाला.

मग जेईंना, म्हणजे कनिष्ठ अभियंत्यांना, भेटलो. ‘काका, सोमवारी वेल्डर पाठवतो.’ तो सोमवार अजून उगवायचा आहे.

मुळात ही यंत्रं कुणाच्या मापानं केली? चेस्ट प्रेसवर, म्हणजे बसून मुठी पुढं ढकलायच्या यंत्रावर, आमच्या सौ. बसल्या. उंची चार फूट अकरा इंच. पाठ टेकली की मूठ हाती येत नाही, मूठ धरली की पाठ टेकत नाही. सीट पुढं-मागं करायला खिट्टी नाही, वजन कमी-जास्त करायची सोय नाही. शेजारचे पंच्याऐंशी किलोचे गृहस्थ आणि कॉलेजातला काडीपैलवान, दोघांना एकच माप. सगळी यंत्रं उन्हात. वीस पावलांवरच्या कडुनिंबाखाली जागा मोकळी. एप्रिलात नऊ वाजता ती लोखंडी मूठ धरून बघा, तव्यावरची भाकरी उलटताना घेतो तसा हात मागं येतो. पायाचे बोल्ट पेव्हर ब्लॉकच्या वर दोन बोटं. आणि बेअरिंगला ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंडच नाही! म्हणजे बनवणाऱ्यानं आधीच ओळखलं होतं, इथं ग्रीस करायला कुणी फिरकणार नाही. आपल्या खात्याची इतकी अचूक पारख मी दुसऱ्या कुणाला झालेली पाहिली नाही.

मुलानं मोबाइलवर दाखवलं, अशा यंत्रांसाठी युरोपात २०१५पासून सुरक्षिततेचं मानक आहे, ईएन १६६३०. बोटं अडकतील अशा फटी नकोत, भोवती मोकळी जागा हवी, १४० सेंटिमीटरहून बुटक्या मुलांसाठी ही यंत्रं नाहीत. आमच्याकडे संध्याकाळी त्याच एअर वॉकरवर चार-चार पोरं झोपाळा करून लोंबकळतात.

खर्च किती झाला? कुणी म्हणतं साडेसात लाख, कुणी बारा. शहरात अशा बागा पन्नास तरी असतील, गुणाकार आपणच करा, माझा रक्तदाब वाढतो. काम मार्चअखेरीस झालं एवढं नक्की, कारण तेव्हा सगळीच कामं होतात. ‘यांच्या प्रयत्नांतून’वाला फलक तेवढा स्टेनलेस स्टीलचा. त्याला गंज नाही.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारलं, या कामाचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघडलं तर ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत, किती? ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, ते आलं एकेचाळिसाव्या दिवशी. ‘सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही.’ २०२२नंतर पालिकेत प्रशासक होते तेव्हा म्हणायचे, नगरसेवक नाहीत, कुणाला सांगणार. आता नगरसेवक आले, तर निधी नाही. गतिरोधकाचंही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसनं माप घालून दिलंय, १० सेंटिमीटर उंच. आपल्या शहरात मात्र डांबर उरेल तेवढी उंची. त्यावर आपटून तुटलेले एसटीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, मी आयुष्यभर बदलले, आता माणसांच्या मणक्याचे पाटे कोण बदलणार?

आमच्या लहानपणी तालमीत वस्ताद होते. मलखांब वर निमुळता होत जायचा, अंगाला सालपट लागू नये म्हणून एरंडेल चोळलेला. मुद्गल पोरासोरांना हलके, पैलवानाला जड. टेंडर न काढता एवढी अक्कल होती. १९५२ला खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले तेही लोकांनी वर्गणी काढली म्हणून, आणि कांस्यपदक घेऊन आले. त्यांच्या जन्मदिनी, १५ जानेवारीला, राज्य क्रीडा दिन असतो. यंदा त्याचा फ्लेक्स आमच्या बागेत त्या एअर वॉकरलाच बांधला होता. कर्कर वाजत झुलत होता.

वर्गणी आम्ही आजही काढतो. फेब्रुवारीत चौघांनी मिळून ग्रीसचा डबा आणला, मी बेअरिंग उघडायला बसलो, तर वॉचमन धावत आला. ‘काका, सरकारी मालमत्तेला हात लावायचा नाही.’

मला भरपाई नको. स्टॉपर लावा, बोल्ट झाका, यंत्रं सावलीत हलवा. आणि एकदा सकाळी सहाला या, अधिकाऱ्यांचा ताफा न घेता. त्या एअर वॉकरवर पाच मिनिटं चाला आणि उतरून दाखवा. मी तिथंच असतो, सध्या बाकावर.

आपला,
एक करदाता

ता. क. : बाकाचीही मधली फळी गेली आहे. त्याची तक्रार वेगळी करतो.