वाटी आपलीच दे

गिरगाव, मुंबई
रविवार, 7 डिसेंबर 2025

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल फोनवर तुम्ही दोघंही "आम्ही मजेत" म्हणालात. पण आई, ते म्हणताना तू मध्येच थांबलीस, आणि बाबांनी फोन घेऊन हवामान सांगायला सुरुवात केली. बाबा हवामानावर आले की समजायचं, खरं काहीतरी सांगायचं राहिलंय. रात्री दादाने वेगळा फोन करून चिठ्ठीचं सांगितलं. मग मला झोप लागली नाही. फोनवर हे बोलणं होत नाही, छोटी मध्ये येते, वहिनी जवळ असते. म्हणून लिहितेय. ऑफिसातला एक मुलगा बुधवारी म्युनिकला, तुम्ही दादाकडे आहात तिथेच, निघतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि पिशवी देईन. पिशवीत मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि चकल्या आहेत. तूप आणि पेढे मागितले होतेस ते पाठवत नाही. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. त्या बिचाऱ्याला कशाला अडचणीत टाकायचं?

इथलं सगळं नीट आहे. मार्गशीर्षातले दोन गुरुवार मी केले. परवाच्या गुरुवारी दत्तजयंतीही आली होती. कलशाला तुझा हिरवा खण गुंडाळला, पाच फळं मांडली, आंब्याचा डहाळा समोरच्या दारातल्या काकूंनी आणून दिला. कहाणी मी वाचली आणि त्या ऐकत बसल्या, दर दोन ओळींनी "हं" म्हणत, तुझ्यासमोर म्हणतात तसंच. जाताना मला खिरीची वाटी देऊन गेल्या. ती वाटी अजून आपल्या ओट्यावर आहे, कारण रिकामी कशी देणार? आज रव्याचे लाडू करते आणि दोन त्यात घालून देते.

आता चिठ्ठीचं. दादाने सांगितलं ते असं. गेल्या रविवारी दुपारी आई खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होती. संध्याकाळी पत्रपेटीत खालच्या मजल्यावरच्या बाईंची चिठ्ठी आली, की रविवारी कृपया ठोकाठोक करू नये. एवढंच. शिवी नाही, धमकी नाही, खाली सही आणि शुभेच्छा. तेव्हापासून बाबा घरात दोन-दोन मोजे चढवून चालतात, खलबत्ता कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर गेलाय, आणि जिन्यात त्या बाई भेटतील म्हणून तुम्ही दोघं बाहेरच पडत नाही. बाबा म्हणाले म्हणे, "आपण इथे नकोसे आहोत."

बाबा, तुम्ही नकोसे नाही आहात. त्या बाईंना रविवारी दुपारी खलबत्त्याचा आवाज नकोसा होता. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. रविवारची शांतता जर्मनीच्या राज्यघटनेत लिहिलेली आहे. रविवार आणि सणाचे दिवस हे विश्रांतीचे म्हणून कायद्याने जपायचे, हे 1919 च्या त्यांच्या जुन्या घटनेतलं कलम आजच्या घटनेतही तसंच घेतलेलं आहे. म्हणून तर रविवारी दुकानं बंद दिसतात, भिंतीला ड्रिल लावायचं नाही. शिवाय रोज रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नाही. आपल्याकडे एकादशीला कोणी कांदा परतला आणि आजीने हाक मारून विचारलं तर तो काही त्या माणसाचा द्वेष नव्हे. सोमवारी सकाळी दहा वाजता आईने पोतंभर शेंगदाणे कुटले तरी त्या बाई काही म्हणणार नाहीत.

आणि चाळीत आपण काय केलं सगळा जन्म? मी जिन्यात बॉल आपटला की वरून काकूंचा आवाज यायचाच, "कोण आहे गं ती? आईला सांगू का?" समोरच्या आजोबांनी दादाचा कान पिळला होता, गॅलरीच्या कठड्यावर चढला म्हणून, आणि तुम्ही त्यांचे आभार मानलेत. आपल्याकडे हे तोंडावर ओरडून होतं, तिथे कागदावर लिहून. मला तर वाटतं, जो शेजारी सांगतो त्याने तुम्हाला त्या जिन्यातलं धरलंय. न सांगणारा शेजारी कसा असतो ते मी पाहिलंय. ते तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते.

2016 च्या सप्टेंबरात मी टोकियोच्या उत्तरेला सैतामात राहायला गेले तेव्हा फोनवर रोज तुम्हाला म्हणायचे, "छान आहे, शेजार चांगला आहे." शेजार कसला, दोन महिन्यांत एकाही दारामागचा माणूस मला माहीत नव्हता. मी वाट बघत होते. आपल्याकडे बिऱ्हाड आलं की पहिल्याच दिवशी कोणीतरी चहाचा थर्मास घेऊन येतं, पाणी किती वाजता येतं ते सांगतं. मला वाटलं, तसं कोणी येईल. कोणी आलं नाही. एका शनिवारी मी दाराच्या आतल्या पायरीवर, चपला काढायच्या जागी, बसून रडले होते. त्याच वेळी तुमचा फोन आला आणि मी सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

मग ऑफिसातल्या एकीने विचारलं, "तू शेजाऱ्यांकडे जाऊन आलीस ना?" मी म्हटलं, "मी? तेच येतील ना?" तिने मला नीट समजावलं. जपानात नव्याने आलेल्याने जायचं असतं. समोरची तीन घरं आणि डावी-उजवीकडची दोन, असा त्यांचा जुना हिशेबच आहे, आणि इमारतीत असलं तर वरचं आणि खालचंही. हातात एखादा टॉवेल किंवा खाऊचा लहानसा पुडा. नाव सांगायचं, कमरेत वाकायचं, "आमचा काही त्रास झाला तर सांभाळून घ्या" म्हणायचं. मोठ्या शहरांत ही रीत आता मागे पडत चाललीय, पण माझ्या इमारतीत म्हातारी माणसंच जास्त होती, ती वाट बघत राहिली असणार. म्हणजे मी वरच्या मजल्यावर वाट बघत होते आणि ती खालच्या.

दुसऱ्या दिवशी पाच हातरुमाल घेतले आणि दारोदार गेले. खालच्या मजल्यावरच्या आजी इतक्या वाकल्या की मलाच संकोच झाला. त्यांच्याशी मोडक्यातोडक्या जपानीत बोलताना मला कळलं, की मी रात्री अकरा वाजता, कामावरून आल्यावर, जे वॉशिंग मशीन लावायचे ते बरोबर त्यांच्या अंथरुणावर घरघरायचं. दोन महिने! एक शब्द बोलल्या नव्हत्या. मीच ओशाळून विचारलं तेव्हा हसून हात हलवला. दोन दिवसांनी सकाळी माझ्या दाराच्या मुठीला एक पिशवी अडकवलेली, आत तीन केशरी फळं, प्रत्येक वेगळ्या कागदात. तिथे त्या फळाला काकी म्हणतात. ते मला कळलं तेव्हा मला आपल्या समोरच्या दारातल्या काकूच आठवल्या आणि मी पुन्हा रडले, पण तो निराळा दिवस होता.

म्हणून म्हणते, चिठ्ठी टाकणारा शेजारी बरा. तुम्हाला दोन महिने थांबावं लागलं नाही, एका रविवारात कळलं.

आणि शांत माणसं म्हणजे कोरडी माणसं, हेही मनातून काढा. तुम्ही निघण्याआधी आपण एकदाच नव्या मेट्रोने गेलो होतो, आता मी रोज जाते, गिरगावात खाली उतरायचं ते थेट बीकेसी. चर्नी रोडहून वांद्र्याची लोकल आणि पुढे रिक्षाची रांग हे सगळं सुटलं. पण एक गोष्ट बघते. लेडीज डब्यात ज्या बायका मटार सोलत, सुनेची तक्रार करत, अनोळखी पोरीला मांडीवर घेत जायच्या, त्यांच्यासारख्याच बायका मेट्रोत गप्प बसतात. मुंबई तीच, माणसं तीच. जागा जशी मागते तसं माणूस वागतो. परवा एकीच्या हातून डबा सांडला तर चौघी खाली वाकल्या आणि पोळ्या गोळा करून दिल्या, एक शब्द न बोलता.

बाबा, तुम्ही फिरायला जाणं बंद करू नका. साडेचारच्या आत सूर्य मावळतो तिथे, त्यामुळे संध्याकाळची सवय सोडा आणि अकराला बाहेर पडा. दादाला सांगून एकदा मारीएनप्लाट्झ चौकात जा. तिथल्या टाऊन हॉलच्या मनोऱ्यावर अकरा आणि बारा वाजता 43 घंटा वाजतात आणि 32 माणसाएवढ्या बाहुल्या फिरतात. फोर्टमधल्या ऑफिसात तीस वर्षं राजाबाई टॉवरच्या ठोक्यावर घड्याळ लावणाऱ्या माणसाने ते बघायलाच हवं. आणि बाटल्या परत करायचं काम तुमच्याकडेच ठेवा. प्लॅस्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट परत मिळतात हे सांगताना तुमचा आवाज किती खुलला होता! घरातली रद्दी तुम्ही जशी चौकोनी बांधता, तशाच त्या बाटल्या रचत असणार, हे मला इथून दिसतं.

पाव आणायला जाल तेव्हा दुकानात शिरताना "ग्र्यूस गॉट" म्हणा. दवाखान्याच्या बाकावर बसतानाही म्हणतात, जिन्यातही. शब्दशः बघितलं तर "देव तुला भेटो" अशासारखं काहीतरी. तुमच्या गावाकडचा रामरामच आहे तो. भाषा येत नाही म्हणून अडून बसू नका, एवढ्या एका शब्दावर अर्धं म्युनिक हसून उत्तर देतं, असं वहिनीच सांगत होती.

आई, आता तुझं. आज तिथे दुसरा रविवार आहे ना, दादाकडे हिरव्या चक्रातली दुसरी मेणबत्ती लावली असेल. नाताळाच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत जायची. इकडे माझे मार्गशीर्षाचे चार गुरुवार, 27 नोव्हेंबर ते 18 डिसेंबर. तुमचे चार रविवार 30 पासून 21 पर्यंत. मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले. तू इथे नाहीस म्हणून या वर्षी व्रत चुकलं असं म्हणालीस, पण छोटीबरोबर ती मेणबत्ती तू लावतेस, मला ते वेगळं वाटत नाही. शुक्रवारी रात्री तिने दाराबाहेर बूट ठेवले आणि काल सकाळी त्यात चॉकलेटं निघाली, तो फोटो मी काकूंना दाखवला. त्या म्हणाल्या, "खोताच्या वाडीत आता चांदण्या लागतील." खरंच, आपल्याला नाताळ काय नवीन? गल्ली ओलांडली की होताच.

आणि या दिवसांत तिथे घरोघरी फराळासारखी बिस्किटं भाजतात, पाच-सहा प्रकारची, डबे भरून, आणि एकमेकांना देतात. त्यात खोबऱ्याचाही एक प्रकार असतो, म्हणून खोबऱ्याचा कीस आत्ता कुठल्याही दुकानात मिळेल. तू नारळाच्या वड्या कर. मंगळवारी किंवा बुधवारी, रविवारी नको. आणि दोघं खाली जा. वहिनीला बरोबर घे, पण बोलायचं तू, मराठीत बोललीस तरी चालेल. खलबत्त्याचं सांग, पुढे रविवारी कुटणार नाही म्हण, विषय तिथे संपेल.

त्यांनी समोरच पुडी उघडली तर वाईट वाटून घेऊ नकोस. आपण पाहुणे गेल्यावर उघडतो, जपानीही तसेच, पण तिथे देणाऱ्यासमोर उघडणं हाच मान असतो. त्यांनी "नको" म्हटलं तर आणखी एक वडी हातावर ठेवू नकोस, त्यांचं नको म्हणजे नको. आणि त्यांनी कॉफी विचारली तर पहिल्याच वेळी "हो" म्हण. आपण दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतो. तिथे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही, तू तशीच परत येशील. चारला बोलावलं तर चारलाच जा, हे बाबांना सांगायची गरज नाही.

नव्वद दिवसांतले तेहेतीस आजच गेले. उरलेले दारं लावून काढू नका, एवढंच मागणं आहे. मी सैतामात दोन महिने काढले, त्याची अजून हळहळ वाटते.

तुळस बरी आहे. बाबांचा चष्म्याचा डबा कपाटामागे सापडला.

छोटीला पापा. दादा-वहिनीला नमस्कार.

तुमची
धाकटी

ता. क. आई, वड्या कागदी ताटलीतून किंवा पिशवीतून नेऊ नकोस. तू बरोबर नेलेली स्टीलची वाटी आहे ना, खाली बाबांचं नाव कोरलेली, तीच दे. म्हणजे ती परत करायला त्यांना वर यावं लागेल.