कॉलेजविद्यार्थिनींच्या अल्फा डेल्टा पाय या संघटनेतल्या मुलींना

प्रिय मुलींनो,

मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं, म्हणून हे पत्र मराठीत. तुमच्यातली ती आईवडील नाशिकचे असलेली मुलगी तुम्हाला अर्थ सांगेलच.

आमचा नातू दिवस भरायच्या कितीतरी आधी झाला. लेकीच्या गावातून त्याला अटलांटाला हलवलं आणि मागोमाग आम्हीही तिथे पोचलो. लेक ओली बाळंतीण. घरी असती तर आळीव, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळं झालं असतं. इथे ती दिवसभर काचेच्या पेटीशेजारी खुर्चीत. मुक्काम रोनाल्ड मॅकडॉनल्ड हाऊसमध्ये, म्हणजे आजारी मुलांच्या घरच्यांसाठी हॉस्पिटलजवळ असलेल्या घरात, मिळाला म्हणून निभावलं. तिथे रात्रीचे अगदी थोडे पैसे मागतात आणि ते नाहीत म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. हॉटेलचं बिल जावयाच्या पगारात बसलं नसतं.

असं पहिलं घर 1974 मध्ये फिलाडेल्फियात उघडलं, ते फ्रेड हिल या अमेरिकन फुटबॉल खेळाडूच्या मुलीला ल्युकेमिया झाला त्यातून. हॉस्पिटलच्या खुर्च्यांवर झोपणारे आईबाप त्याने पाहिले होते. तुमच्या संघटनेने 1979 पासून हे काम आपलं मानलं, हे मला तिथेच कळलं. म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकींच्या आयाही तेव्हा शाळकरी असतील किंवा जन्मल्याही नसतील.

आमच्याकडे कॉलेजात एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर असतं. कामं चांगली होतात, पण समारोपाला पाहुणे, हार, फोटो ठरलेलेच. तुमचा मात्र बुधवार असायचा. परीक्षा असो, पाऊस असो, संध्याकाळी त्या मोठ्या स्वयंपाकघरात तुम्ही केस वर बांधून कांदे चिरत असायचात. एकीनेही कधी कुणाबरोबर फोटो काढला नाही. बाळाला काय झालंय, हेही कुणी विचारलं नाही. दिवसभर तेच सांगून जीव विटलेला असतो, हे तुम्हाला विशीत कसं कळलं, देव जाणे.

पहिल्या बुधवारी मी ट्रे बघत नुसतीच उभी होते. तेव्हा नाशिकवाली पुढे आली. "आजी, हा वेगळा ट्रे आहे, यात बीफ नाही. तू जेवलास का?" मला हसूच फुटलं. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसू. त्यानंतर दर बुधवारी एक ट्रे राजम्याचा, वर जिरं घातलेला. तो कुणासाठी, हे कुणी बोललं नाही. आम्हाला उशीर झाला तर आमच्या खोलीचा नंबर लिहिलेला डबा फ्रिजमध्ये असायचाच.

आणि त्या कड्या! कोल्ड्रिंकच्या कॅनची ओढायची कडी तोडून तुम्ही हाऊसच्या मदतीसाठी बरणीत टाकता. हजाराहून जास्त जमल्या की कुठे एक पौंड भरतो आणि भंगारात त्याचा डॉलरही येत नाही. हिशेबाच्या दृष्टीने हा वेडेपणाच. पण आमचे जावई, जे तेव्हा कुणाशी धड बोलत नव्हते, ते रोज रात्री टेबलाशी बसून कड्या मोजायचे. त्यांना हाताला काम मिळालं.

तुमच्या पार्ट्या, भरमसाट वर्गण्या, कुणाला आत घ्यायचं नि कुणाला नाही ते राजकारण, हे सगळं लेकीने मला सांगितलंय. ते मला आवडत नाही आणि आवडलं असं म्हणणारही नाही. तुमची संस्था 1851 मध्ये मेकनच्या मुलींच्या कॉलेजात सुरू झाली, म्हणजे सावित्रीबाईंनी पुण्यात शाळा काढली त्यानंतर तीनच वर्षांनी. पण जॉर्जियात तेव्हा गुलामगिरी होती आणि त्या कॉलेजची दारं फक्त गोऱ्या मुलींना उघडी होती. आज त्याच संस्थेतली एक सावळी मुलगी मला आजी म्हणून वाढते, हे पाहून बरं वाटलं.

नातू आता घरी आहे. रात्रभर जागवतो, दिवसा झोपतो. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात एका संध्याकाळचं जेवण आम्ही करायचं म्हणतोय: मटकीची उसळ, भात, कोशिंबीर. नाशिकवाल्या बाई, एका वेळी साधारण किती माणसं असतात, पातेली तिथली चालतात की घरून आणायची आणि तिखट कितपत सोसेल, तेवढं कळव.

तुमची,
आजी