ढब्बूचे डोळे उघडेपर्यंत

ती. आई-बाबा,
सा. न.

आपल्या ढब्बू कासवाचे डोळे सुजून मिटलेत, नाकाशी बुडबुडे येतात आणि पोहताना तो एका अंगाला कलतो, एवढं फोनवर कळलं. नुसते डोळे सुजले असते तर आधी पाणी आणि खाणं बदला म्हटलं असतं. पण कलणं म्हणजे बहुधा एका फुप्फुसात न्यूमोनिया. तेव्हा बाबा, उद्याच सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. सगळेच कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर कासव पाहत नाहीत, आधी फोन करून विचारा.

नेताना पाण्यात ठेवू नका, अशक्त कासव वीतभर पाण्यातही बुडतं. भोकं पाडलेल्या खोक्यात कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल घालून न्या. निघण्याआधी डिजिटल काट्यावर वजन करा, औषध ग्रॅमवर ठरतं. इंजेक्शन पुढच्या पायात देतात, कारण मागच्या पायांतलं रक्त आधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं. एखादं अँटिबायोटिक तीन दिवसांतून एकदाच दिलं तर डॉक्टर विसरले असं समजू नका. कासवाच्या अंगातून औषध सावकाश बाहेर पडतं. डोळे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही सुजतात, पण त्याचं इंजेक्शन मात्र आपण होऊन मागू नका. जास्त झालं तर कातडी सोलवटते.

घरी निम्मा उपचार उबेचा. कासवाचं अंग पाण्याइतकंच गरम असतं, आणि गारठ्यात त्याची प्रतिकारशक्ती झोपते. नाशिकच्या जानेवारीत हीटरशिवाय पाणी 20 अंशांच्याही खाली जातं. आत्ता 28 ते 29 अंश हवं. मोठ्या टाकीऐवजी 50 लिटरचा प्लास्टिकचा खोका घ्या आणि पाणी त्याच्या पाठीच्या उंचीपेक्षा थोडंसंच वर ठेवा, मान उचलली की नाक बाहेर यायला हवं. एवढ्या पाण्याला 50 वॉटचा, आडवा ठेवता येणारा, पूर्ण बुडणारा हीटर पुरे. दोन्ही बाजूंना विटा लावा म्हणजे ढब्बू त्याला चिकटून भाजणार नाही. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर टाका. पाणी बदलण्याआधी प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर गरम काच उघडी पडून तडकते.

एका कडेला कोरडी, पाण्याबाहेरची फळी हवी आणि तिच्यावर दिव्याची 32 ते 34 अंश ऊब. यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं देणारा, 25-30 सेंटीमीटरवर. मधे काच नको, काच ती किरणं अडवते. म्हणूनच खिडकीतलं ऊन कामाचं नाही. अंगणातलं कोवळं ऊन वीस मिनिटं चालेल, पण टबचा अर्धा भाग सावलीत ठेवून, आणि शेजारी बसून. कावळ्यांवर भरवसा नको. गार वारा असेल त्या दिवशी अंगण नको.

खोक्यात फिल्टर नाही, म्हणून रोज सगळं पाणी बदला. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवा आणि घालताना तापमान तेवढंच करा.

तो खात नाही म्हणून आई, तोंडात कोंबू नकोस. डोळे मिटलेलं कासव भक्ष्य पाहू शकत नाही आणि पाण्याबाहेर गिळता येत नाही. चार-पाच दिवस न खाल्ल्याने घाबरायला नको, त्याहून लांबलं तर डॉक्टर नळीने भरवतील. डोळे उघडले की पाकिटातली वाळकी कोळंबी बंद. ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता बहुधा तिच्यामुळेच. कासवांच्या खाद्याची गोळी, किसलेलं गाजर, लाल भोपळा, कोथिंबीर सुरू करा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं.

हळद, खोबरेल, तुमच्या डोळ्यांचे ड्रॉप्स: यातलं काहीही नाही. ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असलं तर संसर्ग आणखी बळावतो.

एक गोष्ट तुमच्यासाठी. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचा, पोट बिघडवणारा जंतू असतो आणि तुमच्या वयात तो जड जातो. खोका मोरीत धुवा, स्वयंपाकघरात नको. हाताला साबण प्रत्येक वेळी.

शेजारच्या काकांनी ‘गोदावरीत सोडा’ म्हटलं तर ऐकू नका. लाल कानाचं हे कासव अमेरिकेचं आहे. नदीतल्या आपल्या कासवांचं खाणं आणि जागा ते बळकावतं.

वजन दर रविवारी वहीत लिहा, मला फोटो पाठवा.

तुमची,
धाकटी